घराभोवतीचे रंगीत कोळी कसे ओळखावेत : गोव्यातील अंगण, बाल्कांव आणि कुळागरासाठी मार्गदर्शन

कोळी ओळखायचा असेल, तर त्याच्या रंगाकडे सर्वांत शेवटी पाहावे. विषय रंगीत कोळ्यांचा असताना हा सल्ला उलटा वाटेल; परंतु गोव्यातल्या घरांभोवती चक्राकार जाळ्यांत बसलेले जे पिवळे, चंदेरी, हिरवट आणि काळे-पांढरे कोळी दिसतात, त्यांच्यात एकाच जातीच्या दोन माद्यांचे रंग पुष्कळदा जुळत नाहीत आणि दोन वेगळ्या जातींचे रंग मात्र सहज जुळतात. कात टाकण्याआधीची छटा निराळी, कात टाकल्यानंतरची निराळी, अंडी भरलेल्या मादीची आणखी निराळी. काही जाती तर नुसत्या छेडल्याने क्षणभरात काळवंडतात. त्या मानाने जाळ्याची ठेवण, त्यात बसण्याची पद्धत आणि शरीराची घडण या तीन गोष्टी भरवशाच्या आहेत, आणि त्या पाहण्यासाठी कोळ्याला हात लावण्याची गरज पडत नाही.

या निरीक्षणाला पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि त्यानंतरचे महिने, म्हणजे साधारण सप्टेंबर ते डिसेंबर, सर्वांत सोयीचे. पहिल्या पावसानंतर जाळी दिसू लागतात खरी, पण त्यांतले बहुतेक कोळी अजून लहान असतात आणि लहान कोळ्यावर जातीच्या खुणा पुऱ्या उमटलेल्या नसतात. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपून दसरा जवळ येतो, तोवर माद्या पूर्ण वाढलेल्या असतात आणि जाळीही मोठी झालेली असतात. वेळ सकाळची निवडावी. दव उतरलेले असते, ऊन तिरपे असते आणि वारा पडलेला असतो.

तयारी

साधने घरातलीच पुरतात. मोबाइल, दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग, टॉर्च, वही, पाणी फवारण्याची बाटली आणि काळी छत्री. छत्रीचे नाव वाचून आश्चर्य वाटू नये. कोळ्याचा फोटो काढताना मोबाइल हमखास मागच्या झाडीवर फोकस करतो आणि कोळी धूसर राहतो. कोणाला तरी जाळ्यामागे हातभर अंतरावर उघडी काळी छत्री धरायला सांगितले, की पार्श्वभूमी एकसारखी होते, फोकस कोळ्यावर स्थिरावतो आणि एरवी न दिसणारे तंतू त्या काळ्या कापडावर एक-एक करून मोजता येतात. पावसाळी प्रदेशात राहण्याचा हा एक फायदाच म्हणायचा. तंतू तरीही दिसत नसतील, तर बाजूने पाण्याचा अगदी बारीक फवारा द्यावा. पीठ किंवा पावडर मात्र कधीही उडवू नये, कारण त्यामुळे चिकट धागे निकामी होतात आणि कोळ्याला सारे जाळे नव्याने विणावे लागते.

आकाराचा अंदाज नजरेने घेऊ नये. घाबरलेल्या माणसाला प्रत्येक कोळी तळहाताएवढा दिसतो. जाळ्याला न लावता, कोळ्याच्याच अंतरावर दहा रुपयांचे नाणे धरून एक फोटो घ्यावा. त्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे पुढे फोटोवरून माप काढणे सोपे जाते. माप घेताना पाय धरू नयेत, डोक्याच्या टोकापासून उदराच्या टोकापर्यंतची लांबीच धरावी. पुस्तकांत आणि याद्यांत दिलेली लांबी तीच असते.

आधी हा चक्राकार जाळ्याचाच कोळी आहे ना, हे ठरवावे

जगभरात नोंदलेल्या कोळ्यांच्या जातींची संख्या २०२२ मध्ये ५०,०००च्या पुढे गेली. त्यांतल्या अनेक जाती जाळे विणतच नाहीत, आणि विणणाऱ्यांपैकी काहीच गट चक्राकार जाळे विणतात. अरॅनिडी हे त्यांतले मोठे कुटुंब. एकट्या त्याच्यात ३,०००हून अधिक जाती आहेत. टेट्राग्नाथिडी हे दुसरे. घराभोवती दिसणारे बहुतेक रंगीत चक्रजाळेकरी या दोहोंत मोडतात.

चक्राकार जाळे बैलगाडीच्या चाकासारखे असते : मधे तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि बाहेरून चौकट. फरक इतकाच, की आऱ्यांवरून एक धागा वळसे घेत आतपर्यंत येतो. आरे आणि चौकट कोरड्या रेशमाची असते. वळसे घेणारा धागा चिकट असतो. भिंगातून पाहिले, तर या धाग्यावर सारख्या अंतराने ओवलेले सूक्ष्म थेंब दिसतात. कोळी स्वतः चालताना बहुतांशी कोरड्या आऱ्यांवरून चालतो. ही रचना दिसली नाही, तर पुढच्या पायऱ्यांकडे वळू नये.

घरात नेहमी भेटणारे तीन कोळी येथेच बाजूला काढावेत. रात्री न्हाणीघराच्या भिंतीवर दिसणारा मोठा, चपटा, तपकिरी कोळी हा हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. तो शिकारीसाठी जाळे विणत नाही, झुरळे मारतो, आणि त्याची मादी अंड्यांची पांढरी चपटी गोल पिशवी पोटाखाली धरून फिरते. छताच्या कोपऱ्यात अस्ताव्यस्त जळमटे करणारा, काडीसारख्या लांब पायांचा कोळी दुसऱ्याच कुटुंबातला. खिडकीच्या चौकटीवर उड्या मारत माशा पकडणारा, समोर दोन मोठे डोळे असलेला कोळी तिसरा. चक्रजाळेकऱ्यांनाही सहसा आठ डोळे असतात, पण ते लहान असतात आणि त्यांची नजर कमजोर असते. त्यांचे जग मुख्यतः धाग्यांच्या कंपनांवर चालते.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. यूलोबोरस नावाचा छोटा, फिकट कोळीही चक्राकार जाळे विणतो, परंतु त्याचे धागे थेंबांनी चिकट झालेले नसतात, तर अतिसूक्ष्म लोकरी तंतूंनी भरलेले असतात. त्याला विषग्रंथीच नसतात. कोळ्यांत ही दुर्मीळ गोष्ट आहे.

मग जाळे वाचावे

कोळ्याकडे पाहण्याआधी वहीत पाच गोष्टी लिहाव्यात. जाळे उभे आहे, तिरपे आहे की जवळजवळ आडवे. जमिनीपासून किती उंचीवर आहे. ऊन पडणाऱ्या जागी आहे की सावलीत. त्याचा मध्यबिंदू बरोबर मधे आहे की वर सरकलेला. आणि त्या मध्यबिंदूवर रेशमाची जाळी भरलेली आहे की तिथे मोकळे छिद्र ठेवलेले आहे. या शेवटच्या खुणेकडे सहसा कोणी पाहत नाही, पण अरॅनिडी आणि टेट्राग्नाथिडी ही दोन कुटुंबे वेगळी करायला तीच सर्वांत उपयोगी पडते : दुसऱ्या कुटुंबातील कोळी जाळे पूर्ण झाल्यावर मधले धागे कुरतडून तिथे छिद्र करतात.

त्यानंतर धाग्यांचा रंग आणि जाळ्यावरची जादा भर पाहावी. पांढऱ्या रेशमाची नागमोडी पट्टी, कापसासारखे बारीक झुपके, किड्यांच्या अवशेषांची उभी रांग यांपैकी काही असेल, तर निम्मी ओळख झालीच.

कोळी कसा बसला आहे, हेही लिहावे. बहुतेक जण डोके खाली करून बसतात. काही जण पाय जोडी-जोडीने जुळवतात, काही पुढचे पाय सरळ ताणतात, काही जाळ्याच्या खालच्या बाजूला पोट वर करून लोंबकळतात, तर काही जाळ्यात दिसतच नाहीत. अशा वेळी जवळच्या दुमडलेल्या पानात शोधावे. मध्यबिंदूपासून तिथपर्यंत एक ताणलेला धागा गेलेला असतो.

कुळागरातला मोठा, पिवळ्या धाग्यांचा कोळी

कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागायतीत, झाडांच्या दोन रांगांच्या मधे, डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर, उन्हात सोनेरी चमकणारे प्रचंड जाळे दिसले, तर ते बहुधा नेफिला पिलिपेस या जातीचे असते. सत्तरी, सांगे, काणकोण अशा डोंगराकडच्या तालुक्यांत, तसेच बोंडला आणि मोल्याच्या जंगलवाटांवर तो नेहमीचा आहे. झाडी दाट असेल तर घराच्या मागच्या दारापर्यंतही येतो. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १७९३ मध्ये या जातीचे वर्णन केले. पूर्ण वाढलेल्या मादीच्या शरीराची लांबी ३० ते ५० मिलिमीटर असते आणि पाय धरून तिचा पसारा तळहाताबाहेर जातो. आपल्या परिसरात जाळ्यात बसलेला एवढा मोठा कोळी दुसरा क्वचितच दिसत असल्याने येथे ओळखीचा गोंधळ फारसा होत नाही.

जाळे नीट पाहावे. धागे खरोखरच पिवळे असतात, तो उन्हाचा भास नसतो. मध्यबिंदू वरच्या कडेजवळ असतो आणि खालचा भाग ऐसपैस पसरलेला असतो. जाळ्याचा व्यास मीटरभर सहज भरतो आणि आधाराचे धागे त्याहून पुष्कळ दूर, समोरच्या माडापर्यंतही गेलेले असतात. आणखी एक खूण अशी, की बहुतेक चक्रजाळेकरी विणताना टेकू म्हणून घातलेला कोरडा वळसा चिकट धागा घालताना काढून टाकतात. नेफिला तो तसाच राखते. त्यामुळे काही चिकट वळसे, मग एक कोरडा, पुन्हा काही चिकट, अशी पट्ट्यापट्ट्यांची मांडणी दिसते. हे जाळे ती रोज मोडत नाही. फाटलेला अर्धा भाग उतरवून तेवढाच पुन्हा विणते, म्हणून एकच जाळे त्याच दोन झाडांत बराच काळ दिसते.

मादीचे उदर लांबट आणि काळसर असून त्यावर पिवळे उभे पट्टे असतात, पाय काळे आणि सांध्यांशी पिवळे. पण काही माद्यांचे पट्टे फिके असतात, काहींचे जवळजवळ नसतात. म्हणूनच पट्ट्यांवर अडून न बसता पिवळे रेशीम आणि वर सरकलेला मध्यबिंदू या खुणा धराव्यात.

त्याच जाळ्यात दोन प्रकारचे छोटे कोळी सापडतात आणि दोघांनाही लोक ‘पिल्ले’ समजतात. त्यांपैकी तांबूस, पाच-सहा मिलिमीटरचा कोळी हा नर असतो. एका मादीच्या जाळ्यात एकाहून अधिक नर असू शकतात. दुसरा, त्याहूनही लहान, चंदेरी आणि टोकदार उदराचा, तो आर्जिरोडीस गटातला. तो मादीच्या जाळ्यात अडकलेले बारीक किडे चोरून खातो. भिंगातून तोंडाजवळच्या दोन आखूड उपांगांकडे पाहावे : प्रौढ नराच्या या उपांगांची टोके फुगलेली असतात. ही खूण सर्वच कोळ्यांना लागू पडते. खरी पिल्ले मोठ्या मादीच्या जाळ्यात शोधू नयेत, कारण ही मादी अंडी जमिनीत उथळ खळगा करून घालते आणि वरून माती-पाचोळा ओढते. कुळागरातला पाचोळा सरसकट जाळणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावे.

अंगणातला स्वाक्षरी कोळी

जास्वंद, म्हणजे आपली दसण, कर्दळ, चिऱ्यांच्या गडग्यावर चढलेले वेल, अशा गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीच्या, भरपूर ऊन मिळणाऱ्या जागी आर्जिओपी गटातला कोळी बसतो. याला मराठीत स्वाक्षरी कोळी म्हणतात. जाळे साधारण उभे असते. मधे मादी डोके खाली करून बसलेली असते आणि तिचे आठ पाय दोन-दोन असे इतके घट्ट जुळवलेले असतात, की प्रथम पाहणाऱ्याला चारच पाय दिसतात. त्या चार जोड्यांतून फुलीची आकृती तयार होते आणि प्रत्येक जोडीच्या पुढे जाळ्यावर पांढऱ्या रेशमाची जाड नागमोडी पट्टी काढलेली असते.

चारही पट्ट्या प्रत्येक वेळी असतीलच असे नाही. आज चार, उद्या दोन, परवा एकही नाही, असे एकाच मादीच्या बाबतीत घडते. लहान वयाच्या कोळ्याच्या जाळ्यात तर फुलीऐवजी मध्यभागी पांढरी गोल चकती असते. पट्टी नाही म्हणून आर्जिओपी नाही, असा निष्कर्ष काढू नये. ही नक्षी कशासाठी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. अतिनील प्रकाश परावर्तित करून ती किड्यांना ओढते, असे काही म्हणतात. पक्ष्यांना जाळे दिसावे व त्यांनी ते टाळावे म्हणून ती असते, असे दुसरे म्हणतात. मला स्वतःला पहिले मत अधिक पटते, परंतु ओळखीच्या कामात त्याने काही फरक पडत नाही.

भारतात सर्रास आढळणाऱ्या तीन जाती येथे विचारात घ्याव्यात : आर्जिओपी अनासुजा, आर्जिओपी पुलचेला आणि आर्जिओपी एम्युला. तिन्हींच्या डोक्याकडच्या भागावर चंदेरी लव असते. एम्युला आकाराने मोठी, तिचे उदर लंबगोल आणि त्यावर बारीक गडद आडव्या रेघा दाटीने असतात. पहिल्या दोघींचे उदर पाचकोनी भासते आणि त्यावर पिवळे व तपकिरी रुंद पट्टे असतात. या दोघींना नुसत्या पाठीच्या फोटोवरून वेगळे करणे हे घरगुती निरीक्षकाने मनावर घेऊ नये. खात्री करायची तर मादीच्या पोटाखालचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागते. ‘आर्जिओपी’ इथपर्यंत येऊन थांबणे ही चांगली, प्रामाणिक ओळख आहे. उगाच जातीचे नाव ठोकून दिल्याने नोंदी बिघडतात.

फोटो घेताना सावकाश पुढे जावे. हा कोळी बिचकला, की जाळ्यासकट जोरजोराने हिंदकळू लागतो आणि आकृती धूसर होते; अधिक त्रास दिला तर जाळ्याच्या दुसऱ्या बाजूला जातो किंवा धागा सोडून खाली पडतो. तो हिंदकळू लागला, तर जागीच उभे राहावे. थोड्या वेळात तो शांत होतो आणि पुन्हा पाय जुळवतो.

काटेरी कोळी

गेटचा खांब आणि आंब्याची फांदी यांच्यामध्ये टांगलेल्या जाळ्यात एक सेंटिमीटरच्या आसपास रुंदीचा, कवचासारख्या टणक उदराचा आणि कडेने सहा काटे असलेला कोळी दिसला, तर तो गॅस्टेराकँथा गटातला. पश्चिम घाटाच्या परिसरात आणि दक्षिण भारतात गॅस्टेराकँथा जेमिनाटा ही जात आढळते. तिचे उदर लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते, त्यावर फिकट पिवळे किंवा पांढरे आणि गडद आडवे पट्टे असतात आणि काटे विटकरी रंगाचे असतात. पाय इतके आखूड, की पुष्कळांना हा कोळी आहे हेच पटत नाही. एखादे बी किंवा किडा जाळ्यात अडकला आहे असे समजून लोक पुढे जातात.

भिंगातून उदराच्या कडेने गोल खळगे दिसतात. आतले स्नायू त्या ठिकाणी जोडलेले असतात, तेव्हा ते ठिपके रंगाचे नसून घडणीचे आहेत आणि म्हणून ओळखीला पक्के आहेत. जाळ्याच्या धाग्यांवर थोड्या-थोड्या अंतराने पांढऱ्या रेशमाचे बारीक झुपके दिसतात, तीही या गटाची खूण. नर अगदीच लहान असतो आणि त्याला असे काटे नसतात, त्यामुळे तो सहसा नजरेला पडत नाही.

सावलीतला चंदेरी-हिरवा कोळी

विहिरीच्या कठड्याजवळ, केळीच्या खुंटांमधे, सांडपाण्यावर वाढलेल्या अळवात तिरपे किंवा जवळपास आडवे जाळे असते आणि त्याच्या खालच्या अंगाला एक नाजूक, चंदेरी कोळी पोट वर करून टांगलेला असतो. हा ल्युकॉज गट; आपल्याकडे ल्युकॉज डेकोराटा ही जात सर्वत्र पसरलेली आहे. पाय हिरवट, उदर लांबट व चंदेरी, त्यावर गडद उभ्या रेषा आणि टोकाकडे पिवळसर-तांबूस छटा. जाळ्याच्या मध्यबिंदूवर छिद्र असते, कारण हा टेट्राग्नाथिडी कुटुंबातला.

त्याची चंदेरी झळाळी ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या स्फटिकांमुळे येते. हे स्फटिक त्वचेखालच्या पेशींत असतात आणि कोळ्याला छेडले की या गटात तो चंदेरी भाग आक्रसून गडद रंग वर येऊ शकतो. पहिला फोटो आणि पाचवा फोटो यांतला कोळी वेगळाच वाटला, तर कारण हेच असू शकते. म्हणून या कोळ्याचा फोटो लांबूनच, जाळ्याला धक्का लागण्याआधी घ्यावा. मग हळूहळू जवळ जाऊन मागच्या, म्हणजे चौथ्या पायाच्या मांडीचा एक फोटो घेण्याचा प्रयत्न करावा : तिथे लांब बारीक केसांची झालर दिसली, की ल्युकॉजवर शिक्कामोर्तब झाले.

खाजन शेतांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, आणि नाल्यांच्या काठाने याच कुटुंबातला टेट्राग्नाथा आढळतो. त्याचे शरीर काडीइतके अरुंद, जबडे लांब. धोका वाटला की तो गवताच्या पात्यावर पाय पुढे-मागे सरळ ताणून निश्चल पडून राहतो.

खोडावर आणि भिंतीवर चिकटलेले जाळे

हेरेनिया मल्टीपंक्टा हा कोळी बहुतेकांच्या घराशेजारी असतो आणि क्वचितच कोणी पाहिलेला असतो. फणस, माड, पोफळ यांच्या खोडावर, तसेच न गिलावा केलेल्या चिऱ्यांच्या भिंतीवर तो पृष्ठभागाला अगदी लगटून जाळे विणतो. जाळे खोडाची गोलाई घेते, उंचीला जास्त आणि रुंदीला कमी असते. मादी सेंटिमीटरभर, चपटी; तिच्या पांढुरक्या-पिवळसर उदरावर गडद ठिपके असतात आणि उदराच्या कडा खाचा पडल्याप्रमाणे दंतुर दिसतात. दिवसा थेट पाहून उपयोग होत नाही. खोडाला जवळजवळ गाल लावून, टॉर्चचा झोत खोडाच्या रेषेत वर टाकावा. मग सालीपासून काही मिलिमीटर उंच ताणलेले धागे एकदम उजळतात आणि त्यांच्या मधे बसलेली मादी सापडते. पोर्तुगीज काळातल्या जुन्या घरांच्या मागच्या भिंती, ज्यांना कोणी रंग देत नाही, या कामासाठी उत्तम.

संध्याकाळनंतरचे आणि उरलेले

बाल्कांवातल्या, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीतल्या, दिव्याभोवती अंधार पडताच जाळे विणणारा, गुबगुबीत उदराचा, तपकिरी-राखाडी कोळी बहुधा निओस्कोना गटातला असतो. रंगीत कोळ्यांच्या यादीत त्याला बसवताना थोडी ओढाताण होते, पण यातल्या काही जातींच्या पाठीवर सुरेख नक्षी असते. तो दिवसा पानाआड किंवा वाशांच्या फटीत लपतो; पुष्कळदा पहाटेपूर्वी स्वतःचे जाळे स्वतःच खाऊन टाकतो आणि संध्याकाळी नवे विणतो. जवळून घेतलेल्या फोटोत डोक्याकडच्या भागावर मधोमध एक उभी खाच दिसते. ही निओस्कोनाची खूण.

मृत किड्यांचे अवशेष आणि कचरा उभ्या रांगेत लावून त्याच रांगेत स्वतः मिसळून बसणारा सायक्लोसा चिमुकला असतो. रांग दिसली की तिच्या मध्यभागी शोधावे. कुंपणाच्या झुडपांत घट्ट विणीचे, घुमटाकार, आडवे कापड आणि त्याच्या वर-खाली धाग्यांचे जंजाळ दिसले, तर तो सायर्टोफोरा. त्याचे जाळे चिकट नसते.

फोटो, नोंद आणि नाव

प्रत्येक कोळ्याचे किमान चार फोटो घ्यावेत : पूर्ण जाळ्याचा, पाठीचा, पोटाकडचा आणि बाजूने. पोटाकडचा फोटो लोक हमखास विसरतात. जाळ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तो सहज मिळतो, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या कोळ्यांमधला फरक पुष्कळदा तिथल्या ठिपक्यांत असतो. जोडीला तारीख, गाव, जाळ्याची उंची व कल आणि आसपासचे झाड लिहावे. हे सर्व आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर टाकल्यास इतर निरीक्षक नाव सुचवतात. मोबाइलने आपोआप सुचवलेले नाव जसेच्या तसे स्वीकारू नये. ते मुख्यतः फोटोवरून काढलेले असते, आणि वहीतल्या जाळ्याच्या नोंदींशी त्याचा मेळ बसतो का, हे आपणच पाहायचे असते. नर किंवा अर्धवट वाढलेला कोळी असेल, तर गटाचे नाव लिहून पुढे जावे.

चावण्याची भीती आणि जाळे हलवण्याची वेळ

यूलोबोरस सोडल्यास वर वर्णन केलेले सर्व कोळी शिकार लुळी करण्यापुरते विष बाळगतात, परंतु माणसाला त्यांच्यापासून गंभीर धोका नाही. हाताने दाबले गेल्याखेरीज ते सहसा चावत नाहीत. चावले तर थोडी आग होते, सूज येते आणि ती उतरते. जागा साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवावी. सूज पसरू लागली किंवा श्वासाचा त्रास झाला, तर डॉक्टरांकडे जावे. पावसाळ्यात अंगावर लांबट, जळजळणारे फोड उठले, की ‘कोळी मुतला’ असे म्हणण्याची पद्धत आहे. त्याचा कोळ्याशी संबंध नसतो. दिव्याकडे येणारा पेडेरस नावाचा तांबूस-काळा, मुंगीसारखा किडा त्वचेवर चिरडला गेल्याने असे फोड येतात. काही वेळा ती नागीणही असते, आणि ‘कोळी’ म्हणून घरगुती लेप लावत बसल्याने तिच्यावरचे औषध उशिरा सुरू होते.

वाटेतच जाळे असेल, तर ते केरसुणीने खाली ओढू नये. लांब काठीचे टोक मध्यबिंदूजवळ लावून काठी सावकाश फिरवावी. जाळे कोळ्यासह काठीवर गुंडाळले जाते. ती काठी दहा-पंधरा पावलांवरच्या झुडपाला टेकवून ठेवली, की कोळी उतरतो आणि बहुधा दुसरी जागा पाहतो. चवथीच्या साफसफाईत आतल्या छताची जळमटे जरूर काढावीत, पण बाहेरच्या पागोळ्यांखाली आणि कुंपणावर कीटकनाशक फवारण्याचे कारण नाही.

माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर फळाफुलांनी सजवून टांगायच्या चौकटीसाठी, रानातून येणारे वेल, सुपारीचे घोस आणि माट्टीची फळे यांतूनही कोळी घरात शिरतात. हे सामान आणल्यावर अंगणात पसरून घोस एक-एक करून हलकेच झटकावेत, थोडा वेळ तसेच राहू द्यावेत, आणि मग माटोळीला बांधावेत. बांधणी झाल्यावर एखादा कोळी दिसलाच, तर त्याच्यावर काचेचा पेला पालथा घालून खालून जाड कागद सरकवावा, आणि बाहेर सोडण्याआधी काचेतूनच पोटाकडचा फोटो काढून घ्यावा.